मारुतीच्या कमरेला खूण केली म्हणून पाणी चढत नाही

पत्र :

मावशी, पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर द्विशिक्षकी शाळेत मी दोन वर्षांपासून आहे. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. माझा पट एकोणीस. रोजच्या टाचणात, म्हणजे आज काय शिकवणार त्या नोंदीत, प्रत्येक विषयापुढे अध्ययन निष्पत्तीचा (मुलाला शिकून काय यायला हवं त्या ठरलेल्या वाक्याचा) क्रमांक लिहावा लागतो. मराठी, गणित, इंग्रजी, परिसर अभ्यास आणि इयत्ता दोन, म्हणजे रोजचे आठ. गेल्या शिक्षण परिषदेत माझी टाचणवही सगळ्यांना दाखवली, 'अशी हवी' म्हणून. आणि माझ्या चौथीतली सात मुलं जोडाक्षर आलं की थांबतात. हातच्याची वजाबाकी निम्म्यांना येत नाही. मी चौथीचं शिकवू की मागचं? विषय एकमेकांत गुंफून शिकवा, असं प्रशिक्षणात सांगितलं. कसं, ते जेवणाच्या सुट्टीनंतर राहूनच गेलं. रविवारी संध्याकाळी पोटात गोळा येतो. नवरा म्हणतो, सगळेच लिहितात, तूही लिही आणि सोडून दे.
— एक शिक्षिका, ता. पेठ

उत्तर :

मावशी म्हणालीस, तेव्हा मी 'अगं'च म्हणणार.

आधी माझंच एक सांगून टाकते. निवृत्तीआधीची सहा वर्षं मी केंद्रप्रमुख होते, म्हणजे आसपासच्या शाळा तपासणारी. 'निष्पत्ती क्र. नमूद करावा' हा शेरा लाल पेनाने मी किती वह्यांवर मारला असेल, मोजदाद नाही. एकदा एका शाळेत तासभर बसले आणि त्यातली पन्नास मिनिटं शाळेचं दप्तर, म्हणजे वह्या आणि नोंदी, बघण्यात गेली. उरलेल्या दहात मुलांना काय विचारलं? नाव काय, बाबा काय करतात, खिचडी आवडते का. परत येताना एसटीत लक्षात आलं की त्या शाळेतल्या एकाही मुलाला मी वाचताना ऐकलं नव्हतं. तेव्हा तुझ्या केंद्रप्रमुखांवर मी तोंडसुख घेणार नाही. त्यांच्याकडेही कोणीतरी रोज नवा तक्ता भरून मागत असतं.

तुझ्या पत्रात खरी गोष्ट एकच आहे. वही उत्कृष्ट आणि वर्ग अडलेला. गोदेला पाणी आलं की आम्ही नाशिककर काय विचारतो, तुला माहीत असेल. मारुतीच्या गुडघ्याला लागलं का? कमरेला? छातीला? रामकुंडाजवळचा तो दुतोंड्या मारुती म्हणजे आमचं पूर मोजायचं माप. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते टीव्हीवर सांगतात, पण एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर हे कितींना ठाऊक असतं? मारुतीची कंबर सगळ्यांना कळते. जुनी माणसं १९६९ च्या पुराचं सांगताना नारोशंकराच्या देवळाच्या घंटेपर्यंत जातात. आता कोणी भर उन्हाळ्यात जाऊन मारुतीच्या कमरेला रंगाने रेघ ओढली, तर नदी तिथवर चढेल का? टाचणवहीतले आठ क्रमांक म्हणजे ती रेघ. रेघ हवीच, नाहीतर पाणी कुठवर आलं ते कळणार नाही. पण तू रोज रेघच रंगवत बसली आहेस.

यात तुझा दोष फार थोडा. वरची माणसं मापं बदलत राहतात. मी नोकरीत मुरत होते तेव्हा, १९९१ साली, दवे समितीचा अहवाल आला आणि 'किमान अध्ययन क्षमता' हा शब्द घरोघर झाला. घरोघर म्हणजे शिक्षकांच्या घरोघर. मग क्षमतांचे तक्ते भरले. पुढे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि आकारिकच्या, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या, नोंदी आल्या. २०१७ साली एनसीईआरटीने अध्ययन निष्पत्ती काढल्या आणि त्याच वर्षी शिक्षण हक्क कायद्याच्या केंद्रीय नियमांत त्यांना जागा मिळाली. बालभारतीच्या पुस्तकांत शिक्षकांसाठीच्या पानांवर त्या छापून आल्या, क्रमांकासकट. क्रमांकाचे पहिले दोन आकडे इयत्तेचे, हे तू आता झोपेतही सांगशील.

पण त्या क्रमांकापुढचं वाक्य शेवटचं कधी वाचलंस? खरंच विचारते. कारण वाक्यं वाईट नाहीत. चौथीच्या परिसर अभ्यासातल्या एकाचा आशय असा : मूल अंतर, वजन, वेळ यांचा अंदाज करतं, प्रमाणित किंवा गावातल्या मापांत, आणि साध्या साधनांनी तो पडताळून बघतं. हे वाचून मला तर शाळेत जावंसं वाटतं. पहिली-दुसरीच्या भाषेत म्हटलंय की मूल स्वतःची भाषा किंवा शाळेची भाषा वापरून गप्पा मारतं. 'स्वतःची भाषा' हे शब्द तुझ्या कामाचे आहेत. तुझ्या पाड्यावर घरात कोकणा बोली बोलत असतील असं धरून चालते. त्या मुलाने कोकणा बोलीत सांगितलेलं उत्तर हे उत्तरच आहे. 'नीट मराठीत बोल' म्हणून त्याला गप्प केलंस, तर निष्पत्ती तूच मोडलीस.

आता जोडाक्षरं. सात मुलं थांबतात असं तू लिहिलंस. कुठल्या शब्दावर थांबतात, ते लिहिलं नाहीस. 'विद्यार्थी', 'प्रश्न', 'उत्कृष्ट' यांवर थांबत असतील तर नवल नाही. हे शब्द त्यांना पुस्तकाबाहेर कुठे भेटतात? दिवाळीनंतर ज्यांचे आईबाप दिंडोरी-निफाडकडे बागांवर जातात, त्या मुलांना फळ्यावर 'द्राक्ष' लिहून दे. एकाच शब्दात दोन जोडाक्षरं, आणि दोन्ही अवघड. मग ट्रॅक्टर, प्लास्टिक, क्रेट. मग सप्तशृंगी. मग त्र्यंबक, हा शब्द भल्याभल्यांच्या हातून चुकतो. शब्द तोंडात आधीच असला की डोळा तो पटकन पकडतो. पंधरा दिवस रोज असे पाच शब्द, मुलांनीच सांगितलेले. वाचनपाठ नंतर.

आणि ते मिनिटाला किती शब्द याचं घड्याळ थोडं बाजूला ठेव. निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या मोहिमेचं तिसरीचं लक्ष्य आहे मिनिटाला किमान ६० शब्द, पण अर्थ समजून. घड्याळ हातात आलं की 'अर्थ समजून' गळून पडतं. एका मुलीने माझ्यासमोर आगगाडीसारखं वाचलं, पूर्णविरामालासुद्धा थांबली नाही. मी विचारलं, गोष्टीतली म्हातारी कुठे निघाली होती गं? म्हणाली, "ते परत वाचावं लागेल." प्रामाणिक पोर!

वजाबाकीवर जरा जास्त बोलते, कारण तिथे निम्मा वर्ग अडलाय. उद्या एकच उदाहरण दे, ५२ वजा ३८. उत्तरं तपासू नकोस, वाच. मी पैजेवर सांगते, चार-पाच जणांचं उत्तर २६ येईल. का? त्यांनी आठातून दोन वजा केले, सहा. पाचातून तीन वजा केले, दोन. लहानातून मोठं जात नाही म्हणून उलटं करून टाकलं. या मुलाला वजाबाकी येत नाही असं नाही. मोठ्यातून लहान काढायचं हा नियम त्याला पक्का येतो, म्हणून तर तो चुकतोय. एखाद्याचं उत्तर २४ आलं, तर त्याने हातचा घेतला पण दशकातून एक कमी करायला विसरला. एखाद्याने मुळातच ५२ ऐवजी २५ लिहिलं असेल. तिघांची दुखणी तीन. तुझ्या वहीत तिघांपुढे एकच शेरा आहे, 'निष्पत्ती साध्य नाही', आणि त्यावर औषध काय द्यायचं ते त्या शेऱ्यातून कळत नाही.

२६ वाल्यांसाठी काड्या काढ. रबराने बांधलेले दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. अडतीस मागायच्या आणि काहीही सांगायचं नाही. दोन सुट्यांतून आठ कशा देणार? मूल गठ्ठ्याकडे बघतं, तुझ्याकडे बघतं, परत गठ्ठ्याकडे बघतं. मग रबर काढतं. तो रबर तू काढायचा नाहीस, एवढं पथ्य पाळ. माझ्या हाताला फार सवय होती रबर काढायची. चार गठ्ठे आणि बारा सुट्या झाल्या की पुढचं त्याला दिसतं, चौदा उरतात. असं चार-पाच दिवस काड्यांनी, मग काड्या समोर असताना वहीत, मग नुसतं वहीत.

२५ वाल्याचं दुखणं आपल्या भाषेचं आहे. बावन्न म्हणताना 'बा' आधी येतो, म्हणजे दोन आधी, आणि लिहायचं मात्र पाच आधी. एकोणतीस तर त्याहून खोडकर, बोलताना तीस ऐकू येतं आणि लिहायचे दोन आणि नऊ. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! एकवीस-बावीस ही आपली भाषा आहे आणि ती जाऊ नये, असंच मलाही वाटत होतं. आजही वाटतं. पण ज्या मुलाने बावन्न ऐकून २५ लिहिलंय, त्याच्या कानात महिनाभर 'पन्नास दोन, बावन्न' असं जोडीने म्हटलं तर भाषेचं काही बिघडत नाही.

चौथीचं की मागचं, हा तुझा मुख्य प्रश्न. दोन्ही, पण वेगवेगळ्या वेळी. परिपाठानंतरचा दीड तास इयत्ता विसर. सरांशी बोलून पहिली ते चौथीची सगळी मुलं एकत्र कर आणि वाचनाच्या पायरीप्रमाणे गट पाड : अक्षर ओळखणारे, शब्द वाचणारे, जोडाक्षरावर अडणारे, गोष्ट वाचणारे. चौथीतला दादा दुसरीतल्या बहिणीच्या गटात बसला तर लाजेल, म्हणून गटांना आकडे देऊ नकोस, नावं दे. डोंगरांची दे, तुमच्याकडे डोंगरांना तोटा नाही. गणितालाही तसंच. दीड तास संपला की आपापल्या वर्गात, आणि तिथे चौथीचं चौथीलाच. मागे राहिलेल्या मुलाला पुढचं काही ऐकूच द्यायचं नाही हाही अन्यायच. त्याला हातचा येत नसेल, पण नकाशा का समजू नये?

कोणी हरकत घेतली तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम २४ दाखव. शिक्षकाची कर्तव्यं तिथे लिहिली आहेत. अभ्यासक्रम ठरलेल्या वेळेत पूर्ण करणं त्यात आहेच. त्याच यादीत प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता बघून गरजेप्रमाणे जादा शिकवणं हेही आहे. लोक पहिलं वाचतात आणि थांबतात.

विषय गुंफायचं म्हणशील तर प्रशिक्षणात बहुधा पावसाचं चित्र, पावसाचं गाणं, छत्र्यांवरची उदाहरणं असं काही सांगितलं असतं. बरं झालं सुट्टीनंतर राहून गेलं. ५२ छत्र्या होत्या, ३८ वाऱ्याने उडाल्या असं म्हटल्याने हातचा कळत नाही. गुंफण म्हणजे एकच खरं काम असावं, आणि ते करताना निरनिराळ्या विषयांची गरज पडावी.

तुमच्याकडे आता धो-धो पाऊस. तोच मोज. प्लास्टिकची मोठी, सरळ अंगाची बाटली घे. वरचा निमुळता भाग काप आणि उलटा करून त्याच बाटलीत नरसाळ्यासारखा बसव. बुडाशी खाचा असतात, तिथे माप चुकतं. म्हणून तळाशी खडे टाक आणि सरळ भाग सुरू होईल तिथवर पाणी भर. तिथे शून्य. शून्यापासून वर मोजपट्टी चिकटव, मिलिमीटरची. रोज ठरलेल्या वेळी बघायचं, मग पाणी शून्यापर्यंत काढून टाकायचं. झालं पर्जन्यमापक.

गंमत बघण्यात नाही, बघण्याआधी आहे. बाटलीकडे जायच्या आधी एकोणिसांनीही पाटीवर आपापला अंदाज लिहायचा. रात्री पत्र्यावर आवाज कसा होता, ओहोळ कुठवर आला, आई काय म्हणाली, यावरून. आठवडाभरात अंदाज सुधारायला लागतात, आणि अंदाज करून पडताळणं ही ती चौथीची निष्पत्ती तुला हाक न मारता येऊन बसते. आकडे तक्त्यात, शनिवारी तक्त्याचा स्तंभालेख, तीही चौथीच्या गणिताची निष्पत्ती. रोज दोघांनी तीन ओळींची नोंद लिहायची : किती पडला, गावात काय झालं, भाताची आवणी कोणाकडे चालू आहे. भाषा झाली. इंग्रजीचं एक वाक्य, तेवढंच.

पुढे चौथीला हे दे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. वर्गाची जमीन मोजायला लाव. समज सहा मीटर बाय पाच, म्हणजे तीस चौरस मीटर. दहा मिलिमीटर पावसात त्या छपरावरून तीनशे लिटर. दोनशे लिटरचा ड्रम दीड वेळा भरेल. 'दीड' हा शब्द तिथे आपोआप येतो, अपूर्णांकाच्या धड्याची वाट बघत नाही. आणि उन्हाळ्यात हंडे घेऊन लांबवर जाणाऱ्या घरातली मुलं हा हिशेब ज्या तोंडाने करतात, ते तू बघच.

नकाशाही यातच येतो. सावळघाटाखाली तुमच्याकडे पडलेलं पाणी दमणगंगेने गुजरातेकडे, अरबी समुद्राला जातं. माझ्या अंगणात पडलेलं गोदावरीने बंगालच्या उपसागराला. एकाच जिल्ह्यातला एकच पाऊस, दोन समुद्र. मला हे चाळिशीत कळलं, तुझ्या मुलांना नवव्या वर्षी कळेल.

मात्र सगळंच या बाटलीत ओतू नकोस. पाढे स्वतंत्र म्हणायचे, काड्या स्वतंत्र, जोडाक्षरं स्वतंत्र. ज्या गोष्टीला रोजचा घासूनपुसून सराव लागतो ती प्रकल्पात आपोआप होत नाही, कोणी कितीही सांगो.

टाचणाचं काय? सोडू नकोस, उलटं कर. आठवड्याचं काम आधी ठरव, दोन ओळींत. संध्याकाळी, मुलं गेल्यावर, आज जे खरंच घडलं त्यापुढे क्रमांक टाक. आठऐवजी पाच येतील, कधी नऊ. उजव्या बाजूला जागा ठेव आणि रोज फक्त तीन मुलांबद्दल एकेक ओळ लिही. 'आज स्वतः रबर काढलं.' 'ट्रॅक्टर वाचलं, डॉक्टरवर अडली.' सहा-सात दिवसांत पट पूर्ण होतो. केंद्रप्रमुख आले की ही बाजू पुढे कर आणि म्हण, साहेब, या मुलीला जरा वाचायला लावता का? लाल पेन खिशात गेलेलं मी पाहिलंय. माझंच होतं ते, मघाशी सांगितलेल्या त्या एसटीच्या प्रवासानंतर वर्षभराने, दुसऱ्या एका शाळेत. तिथल्या बाईंनी मला काही सुनावलं नाही, फक्त मूल माझ्या शेजारी आणून बसवलं. केंद्रप्रमुख असा हलला नाही तर वर्षभर त्रास होईल, हेही खरं. पण क्रमांक वहीत असतील, त्यामुळे नियमावर बोट ठेवायला जागा राहणार नाही.

दिवाळीनंतर जी मुलं बागांवर जातील त्यांच्यासाठी शिक्षण हमी पत्रक वेळेत भर, म्हणजे तिकडच्या शाळेत बसवून घेतात. सोबत त्या तीन-तीन ओळींचं एक पान पाठव. तिकडच्या शिक्षकाला 'निष्पत्ती क्र. अमुक साध्य नाही' यावरून काहीच कळत नाही, 'हातचा काड्यांनी येतो, वहीत अजून नाही' यावरून सोमवारी काय करायचं ते कळतं.

नवऱ्याला सांग, सोडून देत नाहीये, रविवारी आठ क्रमांक आधीच लिहून ठेवणं तेवढं सोडलंय. रविवार संध्याकाळ मोकळी होते. एखाद्या रविवारी दोघं नाशिकला या, पाणी आलं असेल तर मारुती बघून जा.

ता. क. बाटली उघड्यावर ठेव, पण झाडाखाली नको आणि पागोळ्यांखाली तर मुळीच नको, नाहीतर पहिल्याच दिवशी बाटली भरून वाहील. गुरं येतात-जातात तिथे असेल तर भोवती चार दगड रच. आणि ५२ वजा ३८ ची उत्तरं मला कळव, २६ किती जणांचं आलं ते.